टेकडीवर नेलेल्या पाट्या

माझ्या साडूने मला फसवलं. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा गाडीच्या नंबरप्लेटवरून. पहिली फसवणूक समजायला मला कित्येक वर्षं लागली. दुसरी त्याने चार माणसांत, माझ्या तोंडावर केली. घरातले म्हणतात, चूक झाली असेल. असेलही. पण चूक झाली असती तर कधी तिचा फायदा मला झाला असता, कधी त्याला. इथे तो दरवेळी त्यालाच झाला. म्हणून मी चूक मानायला तयार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयानेही माझ्यापेक्षा लहान. मी महागावच्या बाजारात सोयाबीनची पोती पाठीवर वाहत होतो तेव्हा तो शाळेत जात होता. पोती वाहता वाहता मी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. पुढे स्वतःचा पिकअप घ्यायची वेळ आली तेव्हा साडू म्हणाला, "भाऊ, मलेही घ्यायची आहे. संगं घेऊ, दोन गाड्या म्हटलं की शोरूमवाला झुकते." हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मी त्या शोरूममध्ये सकाळी बसलो तो दुपारी उठलो. ताडपत्री, सीट कव्हर, मागच्या डाल्याच्या फळ्यांना लोखंडी पट्टी, सगळं दोन्ही गाड्यांवर फुकट बसवून घेतलं. साडू माझ्या बाजूला बसून फक्त चहा पीत होता.

दोन्ही गाड्या पांढऱ्या, एकाच दिवशीच्या, एकाच बनावटीच्या. नंबरही पाठोपाठ पडले. शेवटचा आकडा तेवढा वेगळा, त्याचा सहा आणि माझा सात. नंबर पडले त्याच दिवशी यवतमाळात प्लेटा करून घेतल्या, पिवळ्यावर काळे आकडे, आणि तिथूनच सासुरवाडीच्या तांड्याकडे निघालो. सासूने सांगून ठेवलं होतं की देवीला दाखवल्याशिवाय गाडीत एक पोतं भरायचं नाही.

वाटेत साडूने गाडी बाजूला घेतली. मीही थांबलो.

"भाऊ, माझा गिअर घासून राह्यला."

"नवी गाडी आहे. मोकळी होईल."

"तुमचा नाही घासत?"

"नाही."

तो माझ्या गाडीकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता रोज वाटतं.

सासुरवाडीच्या देवीचं ठाणं टेकडीवर आहे. पायवाट आहे, तीही दगडांतून. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. तेव्हा नवा बैल कळपात आला की त्याला त्या टेकडीवर चढवून देवीपुढे उभा करायचे. सासूच्या लहानपणीच ते फिरणं बंद झालं होतं, पण बैल वर न्यायची पद्धत तिने पाहिली होती. आता पिकअप काही त्या वाटेने चढणार नव्हता. सासूने दोन्ही गाड्यांभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला, आणि म्हणाली, "हा लोखंडाचा बैल तं चढत नाही. मंग त्याचं नाव न्या देवीपुढं."

नाव म्हणजे नंबरप्लेटा. कल्पना सगळ्यांना आवडली, मलाही. तेव्हाच्या प्लेटा दोन-दोन नट-बोल्टांवर लागलेल्या असायच्या, कोणीही काढाव्यात आणि कोणीही लावाव्यात. पुढच्या-मागच्या मिळून चारही प्लेटा काढल्या, सासूने त्या पितळी परातीत ठेवल्या, परात डोक्यावर घेतली आणि बायका गाणं म्हणत टेकडी चढल्या. देवीपुढे प्लेटांना हळद-कुंकू लागलं, तेल लागलं, नारळ फुटला. आकडे अर्धे झाकले गेले होते. खाली आलो तेव्हा बोकड शिजून तयार होता.

आमच्याकडे मोठा जावई आधी जेवतो. तो बसल्याशिवाय पंगत बसत नाही. मी म्हटलं, आधी प्लेटा लावून घेतो. साडूने माझ्या हातातून पाना घेतला.

"तुम्ही बसा ना भाऊ, मोठे जावई तुम्ही. तुमच्यापायी लोक उपाशी ठेवता काय? मी लावतो."

मी बसलो. सासू स्वतः वाढत होती. भिंतीपलीकडे तो गाड्यांपाशी काय करत होता ते मला दिसत नव्हतं. परत आला तेव्हा हात पुसत आला आणि माझ्या शेजारी बसून पोटभर जेवला.

संध्याकाळी मी सात आकडा असलेल्या गाडीत बसलो. दुसऱ्या कोणत्या गाडीत बसणार? चाव्या दोन्ही गाड्यांतच लावून ठेवलेल्या होत्या. आणि तांड्याच्या उतारावरच माझा गिअर घासायला लागला.

मला वाटलं, चढाच्या रस्त्याने काहीतरी बिघडलं. महिनाभर सहन केलं, मग शोरूमला गेलो. त्यांनी मला आज या, उद्या या केलं. मी गाडी त्यांच्या दारात आडवी लावली. गिऱ्हाईक आत येईना. मॅनेजर हात जोडायला लागला तरी हललो नाही, आणि शेवटी त्यांनी अख्खा गिअरबॉक्स नवा बसवून दिला. त्या दिवशी साडू माझ्यासोबत आला होता, का ते मला आठवत नाही, मी बोलावलं नव्हतं. परतताना म्हणाला, "तुमच्यासारखी जीभ मले असती तं काय पाहिजे होतं भाऊ!" मला ते कौतुक वाटलं.

पुढची वर्षं ज्याच्या त्याच्या पद्धतीने गेली. मी वजनाबाहेर कधी भरलं नाही. तेल वेळेवर, स्प्रिंगचे पाटे वेळेवर, पावसाळ्याआधी खालून रंग. माझ्या गाडीवर माझं घर उभं राहिलं, पोरीचं शिक्षण झालं. साडूने त्याच्या गाडीत काय नाही भरलं? शेणखत, गिट्टी, लग्नाचं वऱ्हाड, वऱ्हाडाचा मांडव. दोन वर्षांपूर्वी ती घाटात पलटली. माणसं वाचली. गाडीची केबिन चेपली, डाला वाकडा झाला. विम्याचा माणूस येऊन पाहून गेला आणि दावा नामंजूर झाला. साडू म्हणाला, जास्त वजन होतं म्हणून नाही म्हणाले. मी त्याच्या घरी जाऊन त्याला धीर दिला. ठोकठाक करून ती गाडी पुन्हा रस्त्यावर आली, पण तिरकी चालायची, कुत्रं चालतं तशी.

मग सरकारने जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली. मी लगेच लावली नाही. फुकटात कोणी काही बदलायला सांगत नाही, त्यामागे कोणाचा तरी धंदा असतो, हे मला बाजाराने शिकवलं आहे. शिवाय खोट्या वेबसाईट निघाल्या होत्या, बाजारातला एक अडत्या त्यात फसला होता. मुदत आली की वाढायची. मी साडूला विचारायचो, तू लावली का? तो दरवेळी तेच म्हणायचा. "कायले घाई करता भाऊ? मुदत वाढतेच."

या सोयाबीनच्या हंगामाआधी मात्र मला ते काम उरकायचं होतं. पोलिसाने रस्त्यात थांबवलं की भरलेली गाडी उभी राहते आणि तिकडे बाजारात वजनकाटा बंद होतो. पोरीने मोबाईलवर नोंदणी केली. जवळ कुठे लवकरची तारीख मिळेना, म्हणून यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळचं केंद्र निवडलं. पत्र्याचं शेड, बाहेर दुचाक्यांची रांग. काम करणारी एक तरुण मुलगी होती, कानात इयरफोन, हातात रिव्हेटची बंदूक. तिने आधी काचेच्या आतल्या कोपऱ्यात स्टिकर लावला. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर छापलेला असतो, डिझेलसाठी नारिंगी. मी तिला म्हटलं, "सरळ लाव, तिरपा नको." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग ती चाकाजवळ वाकली, चेसिसवरचा नंबर कापडाने पुसला, मोबाईलवर फोटो काढला आणि उभी राहिली.

"काका, चेसिस नंबर जुळत नाही."

मला वाटलं, आलं वळणावर. "कितीत जुळते?"

"काय?"

"नंबर. कितीत जुळते ते सांग, उगीच टाइम खाऊ नको."

तिने कानातलं काढलं. "काका, मी प्लेटा लावते. चेसिस नाही बनवत. ही गाडी तुमची नाही."

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत होती आणि ब्लेडच्या पत्तीने काचेवरचा स्टिकर खरवडत होती. तो निघत नव्हता, निघाला तो तुकड्या-तुकड्यांनी, कारण तो काढला की फाटावा असाच बनवलेला असतो. अर्धा काचेवर राहिला. तिने माझ्या नव्या प्लेटा परत खोक्यात घातल्या आणि म्हणाली, "आरटीओत जाऊन या. मंग लावू."

शेडबाहेर येऊन मी स्वतः गाडीखाली शिरलो. आरसी हातात. आकडे खरंच वेगळे होते, शेवटचे काही. माझं डोकं गरम झालं की मला आधी दुसऱ्याचा संशय येतो. तेव्हा मला शोरूमचा आला. गिअरबॉक्स बदलताना यांनी चेसिससकट गाडी बदलली काय? मग वाटलं, दरवर्षी फिटनेसच्या वेळी चेसिस नंबरचा पेन्सिलीने घासलेला ठसा लागतो. मग इतकी वर्षं कोणाला दिसलं कसं नाही?

आम्हा दोघांचा एजंट एकच. यवतमाळातच त्याला गाठलं. तो पान चघळत म्हणाला, "भाऊ, तुमच्या गाड्या नव्या होत्या तेव्हाच मी ठशांची चळत घासून ठेवलती. दरसाल कोण गाडीखाली झोपते? सगळेच करते असं."

म्हणजे कागदावरचा ठसा शोरूममधल्या गाडीचा होता आणि रस्त्यावरची गाडी दुसरी होती. शोरूममधून माझी गाडी बरोबर निघाली होती. मग ती बदलली कुठे? मी गाडीत बसलो, आर्णीच्या पुढे येईपर्यंत मला फक्त पितळी परात दिसत होती, आणि साडूच्या हातातला पाना.

घरी न जाता त्याच्या तांड्यावर गेलो. सरळ विचारलं असतं तर त्याने सरळ खोटं सांगितलं असतं. मी म्हटलं, माझा जॅक अडकून बसला आहे, तुझा दे. तो घरात जॅक शोधायला गेला. मी त्याच्या तिरक्या गाडीखाली शिरलो. चिखल नखांनी काढला, शर्टाच्या बाहीने नंबर पुसला. एक एक आकडा माझ्या आरसीशी लावून पाहत होतो. जुळत होते. सगळे जुळत होते. ती वाकडी, चेपलेली, कुत्र्यासारखी चालणारी गाडी माझी होती.

तेवढ्यात त्याच्या चपला माझ्या डोक्याजवळ येऊन थांबल्या.

"कायले घासून राह्यले भाऊ? तो तुमचाच नंबर आहे."

मी बाहेर आलो. त्याच्या हातात जॅक होता. तोंडावर ना भीती, ना लाज.

"तुले माहीत होतं?"

"विम्यावाल्यानं सांगितलं, गाडी पलटली तेव्हा."

"दोन साल झाले त्याले!"

"सांगितलं असतं तं तुम्ही मले याच जॅकनं मारलं असतं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण तेव्हाही मी जॅकच त्याच्या हातातून ओढत होतो. साळी, म्हणजे त्याची बायको, धावत बाहेर आली आणि मधे उभी राहिली. मी तिच्यासमोर, शेजारपाजार गोळा झालेला असताना, त्याला चोर म्हणालो. एकदा नाही, पुष्कळदा.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकलं आणि भांडं आपटलं. "पाट्या माझ्या याडीनं वर नेल्या. तुम्ही माझ्या याडीले चोर म्हणून राह्यले काय?" याडी म्हणजे आई. मी म्हटलं, तुझी याडी देवमाणूस आहे, तिने परात नेली, पाना नाही नेला. ती म्हणाली, "चारी पाट्या कुंकवानं भरल्या होत्या, त्याले काय दिसलं असन? सहा का सात?" मी म्हटलं, दिसत नव्हतं तर पुसायला हात नव्हते?

आरटीओत मी जाऊन आलो. साहेबाने नीट ऐकून घेतलं आणि रस्ता सांगितला. एक तर ज्याने त्याने कागदावरची आपली गाडी घ्यावी, म्हणजे प्लेटा बदलल्या की संपलं. नाहीतर दोघांनी आपापली गाडी दुसऱ्याच्या नावावर करून द्यावी, म्हणजे जो जी चालवतो ती त्याची. दुसऱ्या रस्त्याला दोघांच्या सह्या लागतात.

मी साडूकडे निरोप पाठवला, सही कर. त्याचं उत्तर आलं, "माझी गाडी मले द्या. मी दुसरं काय मागून राह्यलो?"

माझी गाडी! नवा गिअरबॉक्स मी भांडून मिळवलेला, पाटे माझे, रंग माझा, टायर माझे, आणि गाडी त्याची. त्याने वापरून मोडलेली गाडी माझी. यातलं काहीही तो खोटं बोलत नाही, हीच तर त्याची हुशारी आहे. विम्याच्या माणसाने सांगितलं त्या दिवसापासून तो गप्प बसला आणि मला त्याच्या गाडीची सेवा करू दिली. गेल्या उन्हाळ्यात मी टायर बदलले तेव्हा तो स्वतः माझ्यासोबत दुकानात होता. "चांगले घ्या भाऊ, हलके नका घेऊ," म्हणाला होता.

शेवटी सासुरवाडीच्या तांड्यावर बैठक बसली. नायक, चार म्हातारे, सासू, दोघी बहिणी दाराआड. मी माझी बाजू मांडली, आवाज चढवून मांडली, तो माझा स्वभाव आहे. साडू खाली मान घालून बसला होता. म्हाताऱ्यांनी आपसात बोलून सांगितलं की ज्याने गाडी सांभाळली त्याच्याकडे ती राहावी, साडूने सही करावी. मला वाटलं, जिंकलो.

साडू म्हणाला, "नायकबा, मी सही करतो. माझी एकच अट आहे. यांनी मले लोकांसमोर चोर म्हटलं. यांनी लोकांसमोर म्हणावं का हा चोर नाही, चुकीनं झालं. मंग कुठं म्हणान तिथं सही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यात माझं काही जात नव्हतं. मी आयुष्यभर बाजारात गोड बोलून सौदे केले आहेत, नको त्या माणसाला शेठ म्हटलं आहे. एक वाक्य बोललो असतो तर गाडी माझी होती. सासू माझ्याकडे पाहत होती. मी बोलायला तोंडही उघडलं.

पण तोंडातून दुसरंच निघालं. "मी म्हणतो. पहिले हे सांग, तुले माहीत कवापासून होतं?"

"विम्यावाल्यानं सांगितलं तेव्हापासून. किती वेळा सांगू?"

"गिअर घासत होता तुझा, त्या दिवशी. मग तो माझा घासायला लागला. तुझा बंद कसा झाला, हे तुले तेव्हा नाही समजलं?"

तो नायकाकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. आणि दाराआडून साळी एकदम बोलली, "म्या तं यायले तेव्हाच म्हटलं होतं का सांगून टाका..."

"तेव्हाच म्हणजे कवा?" मी विचारलं.

माझ्या बायकोने तिचा हात धरून तिला आत नेलं. साडू म्हणाला, बाई आहे, काहीही बोलते. चार माणसांत, माझ्या तोंडावर, ती ही दुसरी फसवणूक. नायकाने घसा साफ केला आणि म्हणाला, जाऊ द्या, आता उकरून काय फायदा? सगळे उठायला लागले.

मी ते वाक्य बोललो नाही. त्याने सही केली नाही. माझ्या नव्या प्लेटा लोहाऱ्याच्या शेडमध्ये खोक्यात पडून आहेत, आणि गाडी माझ्या अंगणात उभी आहे, काचेवर फाटक्या नारिंगी स्टिकरचा तुकडा घेऊन. सोयाबीन बाजारात यायला लागलं आहे आणि माझं भाडं दुसरे नेत आहेत. बायको म्हणते, एक वाक्य बोला आणि मोकळे व्हा, कोणाची जीभ झिजते? नायकाचाही निरोप आला. सगळ्यांना सही हवी आहे.

मला सहीच्या आधी उत्तर हवं आहे, आणि ते त्यानेच द्यायचं आहे, नायकाने नाही, म्हाताऱ्यांनी नाही, दाराआडच्या बाईने तर नाहीच. पंगत बसली होती आणि पाना तुझ्या हातात होता, तेव्हा तू आकड्यावरचं कुंकू पुसून पाहिलं होतंस की नाही? त्या संध्याकाळी तुझा गिअर घासायचा थांबला तेव्हा तू घरी जाऊन बायकोला काय सांगितलंस? शोरूमच्या दारात मी तुझ्या गाडीसाठी भांडत होतो तेव्हा तू काय म्हणून तिथे उभा होतास? सगळ्या तांड्यासमोर, सासूच्या समोर उभा राहा आणि सांग. सांगितल्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही, तुझ्याकडेही नाही आणि बाजारातही नाही.

सांग, तुला कधीपासून माहीत होतं?